गंज काढणाऱ्यांचा इतिहास

आम्ही कागद शोधत होतो, सापडली हत्यारे.

भाचीला जातीचा दाखला काढायचा होता. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमाती (ब) या यादीत शिकलगार हे नाव आहे. आजोबा शिकलगारी करत होते, हे गावातला कोणीही म्हातारा सांगेल. पण दाखल्यासाठी म्हाताऱ्यांची साक्ष चालत नाही, २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा कागद लागतो. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. अब्बांचे नाव शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढेच लिहिले. त्या काळी सगळीकडे तसेच लिहीत आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नसे. आता साठ वर्षांनी एका कार्यालयातल्या खिडकीपलीकडून प्रश्न आला, “शिकलगार कशावरून? मुसलमानांत जात असते का?” दोन प्रश्न एका दमात. पहिल्याला उत्तर नव्हते आणि दुसऱ्याचे उत्तर त्यांच्याच भिंतीवर टांगलेल्या यादीत होते.

म्हणून जुन्या घराचा माळा उपसायला घेतला. एखादा खरेदीखताचा तुकडा, बाजाराच्या जागेची पावती, काहीतरी मिळेल अशी आशा होती. मिळाली एक लाकडी पेटी. तिच्यात कानशी, छिन्न्या, एक पकड, दोन पाने, अडकित्त्यांची सुटी पाती. शेजारी गोणपाटात गुंडाळलेला बिडाचा एक व्हाइस. छपराचे एक कौल नेमके त्याच्यावरच फुटले होते आणि कित्येक पावसाळे त्याने अंगावर घेतले होते. त्याचा दांडा हलेना. जबडे एकमेकांना असे चिकटलेले की जणू एकाच ओतणीचे. पकडीच्या दोन पायांचे एक लाकूड झाले होते. अब्बा म्हणाले, भंगारात दे, किलोवर पैसे येतील.

मी दिला नाही. त्यानंतरचे तीन महिने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी तासभर या हत्यारांशी झटण्यात गेले. झटता झटता लक्षात आले, की मी जे करत होतो तेच तर आजोबांच्या धंद्याचे मूळ काम होते. शिकलगार म्हणजे धार लावणारा, असे आज आपण समजतो. शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे.

अरबीत ‘सकल’ म्हणजे घासून लखलखीत करणे. त्यावरून ‘सैकल’, त्याला फारसी ‘गर’ प्रत्यय लागून ‘सैकलगर’, आणि मराठीच्या तोंडी बसून शिकलगार. तलवारीवरचा गंज काढून तिला झिलई देणारा माणूस. ही ‘झिलई’ही अरबी ‘जिला’तून आली आहे. मराठी कारागिराच्या पेटीत असे पाहुणे पुष्कळ आहेत: पेच, पेचकस, सुताराचा शिकंजा, रंधा, पोलाद. दख्खनच्या कारखान्यांतून हे शब्द हाताला हात लावून आपल्यापर्यंत आले. कारखाना हा शब्दही त्याच वाटेने आला.

आज गंज म्हटले की आपल्याला लोखंडी गेट, सायकल, पाण्याची टाकी आठवते. पण लोखंडाचे आरसे वापरणाऱ्या जगात गंज ही रोजची गोष्ट होती. काचेचा आरसा गंजत नाही, घासून उजळावा लागत नाही. म्हणूनच फारसी-उर्दू काव्यात हृदयाच्या आरशावर चढलेला गंज वाचताना आपण अडखळतो. ज्यांनी ती प्रतिमा घडवली त्यांचा आरसा पोलादाचा होता आणि तो पुसायला सैकलगर येत होता. कुरआनच्या ८३व्या सूरेत माणसाच्या कर्मांनी त्याच्या हृदयावर चढणाऱ्या थराचा उल्लेख आहे. सूफींनी त्यावर पोलिश करणाऱ्याचे रूपक उभे केले. मौलाना रूमींच्या मसनवीत चिनी आणि रूमी चित्रकारांच्या पैजेची गोष्ट आहे. चिनी रंग मागून घेतात, रूमी मात्र एक भिंत नुसती घासत बसतात आणि पडदा सरकल्यावर समोरचे सगळे चित्र त्या भिंतीत उमटते. इमाम गझालींनी हीच गोष्ट आधी सांगितली तेव्हा घासणारे चिनी होते. कोण घासत होते यावर एकमत नाही, घासण्याच्या मोलावर आहे. गंमत म्हणजे ही उपमा देणारे सगळे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. ज्याच्या धंद्यावरून ती घेतली तो सैकलगर निनावी आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींच्या प्रकारांवर एक पुस्तिका लिहिली. तत्त्वज्ञाला तलवारीतले काय कळते, असे वाटेल. पण ती वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते की ही माहिती हाताळून आलेली आहे: पोलाद कोणत्या देशाचे, घासल्यावर पात्यावर कोणती नक्षी उमटते, ती दाट की विरळ, खाली जमीन कोणत्या रंगाची. हे डोळे तलवार चालवणाऱ्याचे नव्हेत, घासणाऱ्याचे आहेत. पाते कोणत्या भट्टीचे हे गंज उतरल्याशिवाय कळत नाही आणि तो उतरवणारा माणूस ते सर्वांत आधी पाहतो. अल-बिरूनीनेही रत्ने आणि धातूंवरच्या ग्रंथात लोखंडाला जागा दिली. या सगळ्यांच्या कौतुकाचे पोलाद बरेचसे आपल्या बाजूचे होते. गोवळकोंड्याच्या मुलखातले, आजच्या तेलंगणातल्या निजामाबादकडचे पोलाद इराणपर्यंत जात असे. सतराव्या शतकातल्या ताव्हर्नियेसारख्या प्रवाशाने त्याची नोंद केली आहे.

(दिल्लीच्या लोहस्तंभाबद्दल इथे काही येणार नाही. न गंजणाऱ्या लोखंडावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला गंजणाऱ्या लोखंडाविषयी बोलायचे आहे.)

‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने शाही शस्त्रागाराचे वर्णन करताना एक छोटेसे प्रकरण बंदुकीच्या नळ्या साफ करण्यावर खर्च केले आहे. तो सांगतो, की पूर्वी एखाद्या दांडग्या माणसाला लोखंडी अवजारे घेऊन एक बंदूक साफ करायला बराच वेळ झटावे लागे. मग बादशहाने असे चाक काढले, की जनावर जुंपून ते फिरवले की सोळा नळ्या एकदम, थोड्या वेळात साफ होतात. चाकाचे चित्रही दिले आहे. हे चाक खुद्द अकबराच्या डोक्यातून आले, की दरबारातल्या फतहुल्ला शिराजीसारख्या जाणकाराच्या, यावर अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. माझे लक्ष मात्र त्या ‘पूर्वी’वर थांबते. चाकाच्या आधी तो दांडगा माणूस कोण होता? आणि चाक आल्यावर त्याचे काय झाले? अबुल फजलसारखा बारीकसारीक मोजणारा लेखकही तिथे गप्प आहे. विजापूरच्या मुलुख-ए-मैदान तोफेवर ती १५४९ साली अहमदनगरात ओतणाऱ्या रूमीचे नाव कोरलेले आहे. ओतणाऱ्याचे नाव राहते. साफ ठेवणाऱ्याचे नाव कोरायला तोफेवर जागा नसते.

मराठीत ‘हत्यार’ या एका शब्दात तलवारही येते आणि पेचकसही. शिकलगारांचा पुढचा इतिहास या एका शब्दात मावतो. आदिलशाही, निजामशाही, मग मराठ्यांचे राज्य, प्रत्येकाचा शिलेखाना होता आणि प्रत्येक शिलेखान्याला घासणारे हात लागत. दख्खनच्या पावसाळ्यात म्यानातली तलवार चार महिने न पाहता ठेवली तर दसऱ्याला ती बाहेर येईल याची खात्री नाही. धातूच्या पात्याला म्यानाच्या आत घाम येतो, तो चामड्यात मुरतो, आणि पाते म्यानाला धरते. अशी अडकलेली तलवार ओढून काढायची नसते. ओढली तर म्यान फाटते किंवा मूठ सुटून हातात येते. ती सोडवणे हे शिकलगाराचे काम. कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेले चाक, ते पट्ट्याने मागेपुढे ओढणारा एक जोडीदार, तेल आणि वेळ ही त्याची भांडवली सामग्री. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द आपल्या दक्षिणेतल्या कुरुंदावरूनच गेला आहे.

मग १८५७ नंतर हत्यारे गोळा करणे सुरू झाले आणि १८७८ साली लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. कायद्याने तलवारवाल्याची तलवार काढून घेतली, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. तलवार घासणाऱ्याचा घास काढून घेतला, हे नसते. ज्यांच्या घरी चार पिढ्या पात्यावर झिलई चढत होती त्यांच्यासमोर आता विळे, कुऱ्हाडी, कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे आणि खाटकाच्या सुऱ्या आल्या. कोणी चाक खांद्यावर घेऊन आठवडी बाजार धरला. पुढे ते चाक सायकलच्या स्टँडवर चढले आणि पॅडल मारून फिरू लागले. शीख शिकलगारांची कथाही याच वळणाची आहे. त्यांची परंपरा आपले नाव गुरू गोविंदसिंगांशी जोडते.

सगळेच मात्र बाजाराला गेले नाहीत. मिरजेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने गवयी येत, त्यांची वाद्ये वाटेत मोडत, बिघडत. दुरुस्तीला कोणी नव्हते. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार या हत्यारे घडवणाऱ्या-घासणाऱ्या घरातल्या कारागिराने तंबोरे हातात घेतले. आधी दुरुस्ती, मग नवी घडण. पंढरपूरकडचे भोपळे, तुणाचे लाकूड, आणि हात तलवारीवर तयार झालेला. शिकलगार हे नाव मागे पडून सतारमेकर हे आडनाव रूढ झाले. आज मिरजेत ही आळीच्या आळी आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लोक याला नवल म्हणतात. मला त्यात सलगता दिसते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय, तर घोडीचा पृष्ठभाग कानशीने इतका बेताने घासायचा की तार त्याला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. केसाएवढी कानस जास्त लागली तर सूर मरतो. हा हात रातोरात येत नाही. पात्यावरचा गंज पोलादाला धक्का न लावता उतरवणाऱ्यांच्या घरात तो आधीपासून होता.

एक शंका मात्र मनात येते. ज्या घराचे आडनावच कर्तबगारीने बदलले, त्यांच्या नातवंडांना उद्या ‘शिकलगार कशावरून’ असे विचारले तर ते कोणता कागद दाखवणार?

पुन्हा माझ्या व्हाइसकडे येतो. लोखंड गंजते म्हणजे ते नुसते खराब होत नाही, ते फुगते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. उघड्या पत्र्यावर ही वाढ पापुद्रा होऊन गळून पडते. पण स्क्रूच्या आट्यांमध्ये गळायला जागा नसते. तिथे गंज पाचरीसारखा दोन्ही बाजू दाबत बसतो. अडकलेला पेच म्हणजे आतून ठोकलेल्या हजार बारीक पाचरी. जोर लावून तो फिरत नाही, पिळवटून तुटतो. मी पहिल्या संध्याकाळी तेच केले. दांड्याला तीन फुटी नळी घालून लोंबकळलो. दांडा वाकला, स्क्रू ढिम्म.

गल्लीच्या तोंडाशी एक चाचा आहेत, ऐंशीच्या घरातले, आजोबांच्या हाताखाली चाक ओढलेले. ते येऊन बघून गेले. म्हणाले, “जोर मत लगा रे बाबा, तेल कू टाइम दे.” मग त्यांनी विचारले कोणते तेल घातले. मी घरातले जवसाचे तेल घातले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. जवसाचे तेल हवेत सुकून कातडे धरते, म्हणून तर ते लाकडाला आणि रंगात वापरतात. मी अडकलेल्या स्क्रूत डिंक ओतला होता.

पातळ, न सुकणारे आणि फटीत शिरणारे तेल ही तशी अलीकडची सोय आहे. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घासलेटाच्या डब्यातून आली. मराठीत त्याला रॉकेल म्हणतात, ‘रॉक ऑइल’चे ते मराठी रूप आहे, दगडातून निघालेले तेल. दिव्यासाठी आलेले हे तेल लोहाराने, शिकलगाराने आणि सायकलवाल्याने गंजासाठी कधी वळवले याची नोंद नाही, पण माझ्या लहानपणी प्रत्येक गॅरेजात रॉकेलचा तसराळा असायचाच. आज दुकानात मिळणारा निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-फॉर्टी, हा तर क्षेपणास्त्रांचा वारसदार आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी कातडीवर पाणी टिकू नये म्हणून तो बनवला गेला. नावातला चाळीसचा आकडा म्हणजे चाळिसावा प्रयत्न, असे कंपनी सांगते. मूळ काम पाणी हुसकावणे. अडकलेला पेच सोडवण्यात तो मध्यम आहे, हे मी अनुभवाने सांगतो. शिलेखान्याचे काम सैन्यासाठीच सुरू झाले होते आणि हेही तिथूनच घरात आले, एवढेच साम्य.

जवसाचे कातडे आधी रॉकेलने आणि ब्रशने उतरवले. मग रोज संध्याकाळी स्क्रूच्या दोन्ही तोंडांना तेल, आणि हातोडीने हलके हलके ठोके. ठोक्याने गंजाच्या पाचरीत तडे जातात आणि तेल त्या तड्यांतून आत सरकते. ठोके बिडावर नव्हे, स्क्रूच्या टोकावर द्यायचे. बीड कडक असते पण ठिसूळ, एका चुकीच्या घणाने जबडा दुभंगतो. याच कारणाने त्याला एका जागी लालभडक तापवायचेही नसते. मी स्टोव्हच्या ज्योतीवर नटाची बाजू सगळीकडून सारखी, हाताला चटका बसेल इतपतच तापवली आणि स्क्रूच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून गरम फटीत आपोआप ओढले गेले. तापवण्याआधी तेल पुसून घ्यायचे आणि दार उघडे ठेवायचे, हे सांगायला नको, तरी सांगतो.

चाचांची आणखी एक शिकवण: सोडवायचे असेल तर आधी आवळ. उलट वाटते, पण बरोबर आहे. एका बाजूला केसभर आवळला, की गंजाची पकड मोडते, मग तो उलटा येतो. सोळाव्या की सतराव्या संध्याकाळी आवळताना ‘टक्’ असा आवाज आला. लोखंड तुटल्याचा आवाज वेगळा असतो, हा कोरडा आणि लहान होता. तो ऐकून मी दांडा सोडून दिला आणि त्या दिवशी पुढे काहीच केले नाही. भीती वाटली, खरे सांगायचे तर.

जबड्याच्या प्लेटा काढताना वेगळीच अडचण आली. तिथल्या बोल्टाला माझ्याकडचा १५चा पाना बसेना आणि १६चा घसरे. दोनदा घसरल्यावर बोल्टाचे डोके गोल व्हायला लागले. बोल्ट मिलिमीटरचा नव्हताच, व्हिटवर्थचा होता. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने सुचवले, की प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडण्याऐवजी सगळ्यांनी एकाच मापाचे, ५५ अंशांच्या कोनाचे आटे पाडावेत. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच असे नव्हते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन पुढे आणला. हिंदुस्थानात रेल्वे आणि तिचे वर्कशॉप इंग्रजांचे, म्हणून आटे व्हिटवर्थचे. जमालपूरचे वर्कशॉप १८६२चे, आपल्याकडे परळचे त्यानंतरचे. लोहार, सुतार, शिकलगार या घरांतली पोरे तिथे फिटर झाली आणि इंचाचे पाने घरी घेऊन आली. १९५६च्या कायद्याने देश दशमान पद्धतीकडे वळला, पण जुन्या लोखंडाला तो कायदा लागू झाला नाही. आजोबांच्या पेटीतला एक पाना उचलून लावला, फट्दिशी बसला. म्हणजे पेटीत ते दोन पाने उगाच नव्हते. गंज उतरवून त्यांच्यावरचे आकडे वाचायचे मला सुचले नव्हते.

पकड, कानशीचे दांडे, सुटे स्क्रू यांच्यासाठी विजेचा उपाय केला. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक आपल्या हत्याराला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडाच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. उलट जोडले तर हत्यारच झिजून जाते. पट्टी स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून निघणारे क्रोमियम विषारी असते. बादलीतून बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून ती उघड्या अंगणात. दुसऱ्या दिवशी लाल गंजाचा काळा लगदा झाला आणि ब्रशने निघून गेला. हाच मार्ग संग्रहालयांनी जमिनीतून निघालेल्या धातूंसाठी वापरला आहे. बर्लिनच्या संग्रहालयांनी १८८८ साली फ्रीडरिश रातगेन या रसायनज्ञाला खास याच कामावर नेमले होते. पगारी, नावानिशी आणि हुद्द्यासह गंज काढणारा! वाचून मला हेवा वाटला, स्वतःसाठी नव्हे, आजोबांसाठी.

वीज नसती तर चिंच होती. चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवले तरी पातळ गंज सुटतो, फक्त नंतर सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करावे लागते, नाहीतर तासाभरात पिवळी झाक परत येते. काही कानशींवर मी हिरड्याचा काढा फिरवला. हिरड्यातला तुरटपणा उरलेल्या गंजाला धरून काळा करतो आणि तो काळा थर पुढचा गंज रोखतो. जुनी शाई याच रसायनावर होत असे. ज्या पदार्थाने कागद काळा होतो त्यानेच लोखंड टिकते, हे मला त्या दिवसांत जरा लागले.

पकडीचे दोन पाय एका दुपारी सुटले. कात्रीचा खिळा सुटला नाही, तुटला. तो मी छिन्नीने काढला आणि नवा ठोकला. एक कानस आत इतकी खाल्लेली होती, की गंज उतरल्यावर हातात काडी उरली. सगळेच सुटते असे नाही.

व्हाइसचा स्क्रू एकविसाव्या संध्याकाळी अर्धा फेरा फिरला. पाव फेरा मागे, अर्धा पुढे, तेल, पुन्हा पाव मागे. पुढच्या आठवड्यात जबडे उघडले. आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचला नव्हता, तिथे लोखंड अजून उजळ होते आणि कडेला तांबूस-तपकिरी पूड साचलेली होती. मी ती गंज समजून फुंकणार होतो. चाचांनी हात धरला, चिमूट बोटांत घेऊन चोळली. गंज बोटाला माखतो, ही टोचत होती. कुरुंद. आजोबांच्या चाकाची पूड, पाते जबड्यात धरून घासताना पडलेली.

मी ती पूड एका कागदात बांधून ठेवली आहे. कार्यालयात दाखवायचा विचार नाही, हसतील. तिथे आता दुसरा मार्ग धरला आहे: आजोबांच्या धाकट्या भावाचे नाव दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात असावे, असे चाचांनी सांगितले. रजिस्टर मोडी-मराठीत आहे आणि पाने चिकटलेली आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी या, पण पाने सावकाश सोडवावी लागतील.